गोळी घेतली की थांबतं, बंद केली की परत: पोटातल्या जळजळीचं कारण कसं शोधलं

तक्रार अशी असते. बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधोमध जळजळ. कधी ठणकतं, कधी नुसतंच जड वाटतं. सकाळी उमासे, दुपारी करपट ढेकर. मेडिकलवरून पँटोप्रॅझोलची, म्हणजे आम्ल कमी करणाऱ्या गोळीची, पट्टी आणली की तीन-चार दिवसांत बरं वाटतं. पट्टी संपली की आठवडाभरात सगळं जिथल्या तिथं. आमच्या घरी हे साडेतीन वर्षं चाललं, आणि तेही दोन पोटांत: माझ्या आणि आईच्या.

आम्ही नागपुरात, महाल भागात राहतो. रविवारी सकाळी तर्री-पोहे, पाहुणे आले की सावजी, आणि ठेचा तर रोजचाच. त्यामुळे ज्याला त्याला कारण माहीत होतं. "तिखट बंद करा बापा, दुसरं काय!" आम्ही बंद केलं. जवळजवळ वर्षभर घरात ठेचा वाटला गेला नाही. जळजळ तशीच. शेवटी खरी कारणं सापडली तेव्हा कळलं की एकाच चुलीवरचं खाणाऱ्या आम्हां दोघींच्या दुखण्याची कारणं वेगवेगळी होती, आणि मिरची त्या दोन्हींत नव्हती. मिरचीनं आग वाढते हे खरं. आधीच सोललेल्या जागेवर लागलं की झोंबणारच. पण ती जागा सोलली कशानं, हे आम्हाला तीन वर्षं कुणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मी डॉक्टर नाही. कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे हिशेब लिहिते. खतावणीत फरक आला की एखादा आकडा इकडचा तिकडे करून बेरीज जुळवता येते, पण चुकलेली नोंद तशीच राहते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा वर येते. पोटाच्या बाबतीत आम्ही नेमकं तेच करत होतो. ती नोंद कशी सापडली, ते इथे लिहिते आहे. औषध सुरू करणं आणि बंद करणं डॉक्टरांनाच विचारून करा. पण विचारायचं काय, हे माहीत असलं की फार फरक पडतो.

आधी हे तपासा, बाकीचं नंतर

काही लक्षणं असली तर शोधाशोध करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही, गिळताना घास अडकणं, प्रयत्न न करता घटलेलं वजन, सतत उलट्या, रक्ततपासणीत हिमोग्लोबिन घसरलेलं, घरात कुणाला जठराचा कर्करोग झालेला. आणि आधी कधीच त्रास नसताना पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, तीही याच यादीत धरा.

दुसरी गोष्ट हृदयाची. जळजळ जिना चढताना वाढत असेल आणि थांबल्यावर कमी होत असेल, सोबत घाम, दम, जबड्यात किंवा हातात दुखणं असेल, तर तिला ॲसिडिटी समजून सोडा पिऊ नका. हृदयाच्या खालच्या बाजूला झटका आला की दुखणं पोटात जाणवू शकतं, आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या छातीत कधी कधी दुखतच नाही. आधी ईसीजी.

"गॅस्ट्रायटिस" हे उत्तर नाही

माझी पहिली दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) झाली तेव्हा रिपोर्टवर दोन शब्द होते: अँट्रल गॅस्ट्रायटिस. मी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला. दुखण्याचं नाव मिळालं म्हणजे निदान झालं, असंच वाटलं. दीड वर्षानं समजलं की त्या शब्दांचा अर्थ एवढाच: जठराच्या खालच्या भागाचं अस्तर लाल दिसलं. पायाला सूज आहे असं लिहून देण्यासारखंच ते. मुरगळला, काटा रुतला की गाऊट, ते त्यात नाही.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. दुर्बिणीतून दिसणारी लाली, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा दाह आणि आपल्याला होणारा त्रास, या तिन्ही गोष्टी दर वेळी एकमेकींशी जुळतातच असं नाही. अस्तर लालभडक असून माणूस मजेत असतो, आणि अस्तर स्वच्छ असून माणूस रात्रभर तळमळतो. म्हणून दुर्बिणीची तपासणी करायचीच असेल तर आधी विचारा: "तुकडा घेणार का?" अस्तराचे बारीक तुकडे जठराच्या खालच्या आणि मधल्या अशा दोन्ही भागांतून घेतले तर त्या पाच-दहा मिनिटांच्या त्रासातून काही हाती लागतं. माझ्या पहिल्या तपासणीत एकही तुकडा घेतलेला नव्हता.

घरातली प्रत्येक गोळी टेबलावर ठेवा

आईचं कारण इथं सापडलं, म्हणून यावर जरा थांबते.

दवाखान्यात "काय काय औषधं चालू आहेत?" असं विचारलं की आई बीपीची गोळी सांगे, हृदयाची सांगे, आणि थांबे. गुडघ्याची गोळी तिच्या लेखी औषधच नव्हतं. शेजारच्या काकूंना लागू पडली म्हणून आणलेली, दोन वर्षांपासून जवळजवळ रोजची. पट्टीवर लिहिलं होतं ॲसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉल हा शब्द ओळखीचा, म्हणून मीही कधी दुसरा शब्द वाचला नाही. त्यात हृदयासाठी रोजची ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन.

ॲसेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन ही सगळी एका कुळातली. सांध्याची सूज ज्या रसायनामुळे येते ते प्रोस्टाग्लँडिन ही औषधं तयार होऊ देत नाहीत. पण जठराच्या अस्तरावर श्लेष्म्याचा थर टिकवून धरायला आणि आम्लापासून त्याचा बचाव करायला तेच प्रोस्टाग्लँडिन लागतं. गुडघा शांत होतो आणि पोट उघडं पडतं. "मी जेवण झाल्यावरच घेते न," हे आईचं म्हणणं होतं. पण हा परिणाम मुख्यतः रक्तावाटे होतो. जेवणानंतर घेतली तरी धोका जात नाही, आणि कंबरेत इंजेक्शन घेतलं तरीही नाही. वरून ॲस्पिरिन असली की धोका आणखी वाढतो.

यातला सगळ्यात फसवा भाग असा की वेदनाशामकांनी झालेली जखम दुखेलच असं नाही, कारण गोळी दुखणंही दाबते. आईचं हिमोग्लोबिन हळूहळू ९ च्या खाली गेलं. तेव्हा लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. लोहामुळे शौच काळसर होते, म्हणून काळ्या शौचेकडे आम्ही लक्षच दिलं नाही. लोहाचा काळेपणा सहसा हिरवट आणि घट्ट असतो. रक्ताचा डांबरासारखा चिकट आणि अगदी वेगळ्या घाण वासाचा. हा फरक मला आधी माहीत असता तर आईचे चार महिने वाचले असते. हे सारखं मनात येतं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

पुढे काय केलं तेही सांगते, कारण इथं घाईत चूक होऊ शकते. डॉक्टरांनी गुडघ्याची गोळी थांबवली, ॲस्पिरिन थांबवली नाही. हृदयासाठी लागणारी ॲस्पिरिन आपल्या मनानं बंद करणं पोटाच्या जखमेहून जास्त महाग पडू शकतं. तिच्या सोबतीला आम्ल कमी करणारी गोळी कायम ठेवली. म्हणजे जी गोळी माझ्या बाबतीत कारण झाकत होती, तीच आईच्या बाबतीत योग्य संरक्षण होती. गुडघ्याला आता लावायचं जेल, मांडीचे व्यायाम आणि गरज पडली तर नुसती पॅरासिटामॉल.

तेव्हा एक पिशवी घ्या आणि घरात ज्या काही पट्ट्या, बाटल्या, पुड्या असतील त्या सगळ्या तिच्यात भरून डॉक्टरांसमोर ठेवा. डोकेदुखीची, पाळीच्या दुखण्याची, सर्दीची, हाडांची, लोहाची, मुरुमांसाठी दिलेली डॉक्सिसायक्लिन, मधुमेहाची मेटफॉर्मिन, सगळं. संधिवाताच्या नाव नसलेल्या पुड्या विशेष करून न्या. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार सापडलेले आहेत.

तपासणी "निगेटिव्ह" आली, पण केव्हा केली होती?

आता माझं पोट.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पिळदार आकाराचा जंतू जठराच्या अस्तरावर राहतो. आम्लात काही जगत नाही, असंच डॉक्टर मानत होते, तोवर ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो दाखवून दिला. लोक ऐकेनात तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचं पाणी स्वतः पिऊन पाहिलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीत जठराचा दाह दिसला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्याच्याही आधी, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं या जंतूला कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या यादीत घातलं होतं. आपल्याकडे तो सर्रास आढळतो, बहुधा लहानपणीच घरातल्या माणसांकडून येतो, आणि बहुतेकांना जन्मभर त्रासही देत नाही.

या जंतूसाठी माझी शौचाची तपासणी झाली होती आणि ती निगेटिव्ह आली होती. मग आठ महिने "टेन्शन घेऊ नका" हेच औषध. पुढे रामदासपेठेतल्या एका पोटविकारतज्ज्ञांनी जुना कागद बघून एकच प्रश्न विचारला: "हा नमुना दिला तेव्हा पँटोप्रॅझोल चालू होती का?" होती. चाळीस मिलिग्रॅम, रोज, कित्येक महिन्यांपासून.

आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्यांनी जंतूंची संख्या घटते, पण ते मरत नाहीत. तपासणीला सापडण्याइतके उरत नाहीत, एवढंच. म्हणून शौचाच्या अँटीजेन तपासणीआधी, श्वासाच्या तपासणीआधी आणि तुकड्यावरच्या युरिएझ (जंतूचं विकर शोधणाऱ्या) तपासणीआधीही ही गोळी किमान दोन आठवडे बंद लागते. अँटिबायोटिक किंवा बिस्मथ (पोटाच्या काही औषधांत असतं ते) घेतलं असेल तर चार आठवडे थांबावं लागतं. नमुना घेताना प्रयोगशाळेत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही आपणहून सांगा, आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात शेवटची गोळी घेतल्याची तारीख लिहून ठेवा. मात्र आईसारखं ज्यांना रक्तस्रावाच्या धोक्यामुळे ती गोळी दिलेली आहे, त्यांनी ती आपल्या मनानं बंद करायची नाही.

रक्तातली अँटीबॉडी तपासणी स्वस्त आणि सोपी, म्हणून पुष्कळदा तीच लिहून दिली जाते. तिच्यातून जंतू कधीतरी येऊन गेला एवढंच कळतं, आज आहे की नाही ते कळत नाही. उपचारानंतरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते.

ते दोन आठवडे कठीण जातात. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट जळजळ तेव्हाच झाली, आणि याच टप्प्यावर बहुतेक लोक पुन्हा गोळीकडे वळतात. "बघा, गोळीशिवाय चालतच नाही!" पण गोळीनं महिनोन्महिने दाबून ठेवलेलं आम्ल ती बंद केल्यावर काही दिवस नेहमीपेक्षा जास्त उसळतं. २००९ मध्ये डेन्मार्कमध्ये याचा अभ्यास झाला. १२० निरोगी माणसं घेतली, ज्यांना पोटाचा काहीच त्रास नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे अशी गोळी दिली आणि मग बंद केली. पुढच्या चार आठवड्यांत गोळी घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना जळजळ किंवा तसला त्रास झाला. न घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. धडधाकट माणसांची ही गत, तर आपलं काय. तेव्हा गोळी बंद केल्यावर पहिल्या पंधरवड्यात होणारी जळजळ मूळ दुखण्याचा पुरावा मानू नका. मला त्या दिवसांत डॉक्टरांनी पातळ अँटासिड चालेल म्हणून सांगितलं होतं. त्यावर आणि दर तीन तासांनी थोडं थोडं खाण्यावर दिवस काढले. एप्रिल होता, बाहेर बेचाळीस अंश. थंड दूध प्यायलं की दहा मिनिटं बरं वाटे आणि अर्ध्या-पाऊण तासानं दुप्पट पेटे, कारण दूध स्वतःच आम्ल सुटायला लावतं.

पंधराव्या दिवशी नमुना दिला. पॉझिटिव्ह.

उपचार चौदा दिवसांचा होता: आम्ल कमी करणारी गोळी, बिस्मथ आणि दोन अँटिबायोटिक. तोंडाला लोखंडासारखी चव येते, जीभ आणि शौच काळी पडते (ती बिस्मथमुळे), मळमळतं. पण एकही खुराक चुकवायचा नाही. आपल्याकडे मेट्रोनिडॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन या औषधांना बरेच जंतू आधीच दाद देत नाहीत, आणि अर्धवट उपचारानं ते आणखी निर्ढावतात. पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, कारण अनेकदा ॲमॉक्सिसिलिन यात असते.

आणि शेवटी जे बहुतेक जण करत नाहीत ते: जंतू गेला की नाही याची फेरतपासणी. अँटिबायोटिक संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, पुन्हा दोन आठवडे पँटोप्रॅझोल बंद ठेवून. "आता बरं वाटतंय" याला पुरावा मानू नका. माझी सहाव्या आठवड्यात झाली आणि निगेटिव्ह आली. या वेळची निगेटिव्ह खरी होती.

वही

कारण सापडत नसेल तर दोन आठवडे वही ठेवा. काय खाल्लं एवढंच लिहून उपयोग नाही. किती वाजता दुखलं, शेवटचं जेवण कधी, कुठं दुखलं, किती वेळ, आणि कशानं थांबलं, हे लिहा. मध्यरात्री दोन-तीनला उठवणारं आणि दोन बिस्किटांनी थांबणारं दुखणं लहान आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या व्रणाकडे बोट दाखवतं. तेलकट-तुपकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठून पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाणारी, अर्धा तास ते काही तास टिकणारी कळ असेल, तर पित्ताशयात खडे आहेत का ते सोनोग्राफीत बघायला हवं. "पित्त झालं" म्हणून वर्षानुवर्षं सोडा पिणाऱ्यांपैकी काहींना खरोखर पित्ताशयाचाच आजार असतो. आडवं झाल्यावर आग घशाकडे येत असेल तर अन्ननलिकेत आम्ल उलटतंय. गव्हानंतर पोट फुगणं, जुलाब आणि लोहाची कमतरता असं एकत्र असेल तर गहू न सोसण्याच्या आजाराची, म्हणजे सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी मागा. हे सगळे इशारे आहेत, निदान नाही, पण डॉक्टरांसमोर वही असली की पाच मिनिटांच्या भेटीत कामाचं बोलणं होतं.

वहीत खर्राही लिहा. आपल्या गावात हे लिहायला लोक लाजतात, आणि घरच्यांसमोर तर बोलतच नाहीत. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तासन् तास गालात धरला की त्याचा रस पोटात जातोच, कितीही थुंकलं तरी. तंबाखूनं व्रण भरायला वेळ लागतो, तो परत होण्याची शक्यता वाढते, आणि तोंडाच्या कर्करोगाचं तर बोलायलाच नको. दारूचंही तेच, लिहा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलं तर ते चुकीच्या जागी शोधत बसतील.

जंतू नाही, गोळी नाही, तरीही दुखतंय

माझ्या मावसबहिणीचं असं झालं. दुर्बीण झाली, तुकडे घेतले, सोनोग्राफी, थायरॉइड, साखर, सगळं ठीक. चार घासांत पोट भरल्यासारखं होई आणि मग दोन तास जडपणा. "मग काय मी खोटं बोलतेय का?" असं म्हणून ती रडली होती. खोटं नव्हतं ते. याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. पोट रिकामं व्हायला उशीर लागणं, जठर नीट सैल न होणं, तिथल्या नसा जास्त हळव्या असणं, असं काहीतरी त्यात असतं, आणि ते कॅमेऱ्याला दिसत नाही. त्याला उपचार आहेत: जेवण थोडं थोडं आणि जास्त वेळा, तेल कमी, पोटाची हालचाल सुधारणारी औषधं, आणि नसांचा हळवेपणा कमी करणारी औषधं अगदी थोड्या मात्रेत. ही शेवटची बहुतेकदा नैराश्यावरच्या औषधांच्या कुळातली असतात. चिठ्ठीवर ते नाव वाचून तिनं महिनाभर ती सुरूच केली नाहीत, "मला वेडी समजतात" म्हणून. सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांनी जेवण पूर्ण व्हायला लागलं.

हेही सांगायला हवं की जंतू सापडला आणि गेला, तरी काहींचा त्रास राहतो. जंतू काढणं तरीही योग्यच, कारण व्रणाचा आणि कर्करोगाचा धोका कमी होतो. पण दुखणं थांबेलच असं वचन कुणी देऊ नये.

एक कारण क्वचित असतं पण सहज सुटून जातं: शरीर स्वतःच जठराच्या पेशींवर हल्ला करतं, आणि मग बी-१२ जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. थकवा, हातापायांना मुंग्या, जीभ गुळगुळीत, सोबत थायरॉइडचा आजार असेल तर बी-१२ तपासा. शाकाहारी माणसांत बी-१२ तसंही कमी असतं, वर्षानुवर्षं आम्लाच्या गोळ्या घेणाऱ्यांतही कमी होतं, त्यामुळे नुसतं इंजेक्शन देऊन विषय संपवू नका, कमी का झालं तेही विचारा. माझं कमी निघालं होतं. ते गोळीमुळे की आणखी कशामुळे, हे बघायला डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.

हे सगळं खाजगीत करायला परवडत नसेल तर नागपुरात मेडिकल चौकाकडच्या सरकारी सुपर स्पेशालिटी रुग्णालयात पोटविकारांचा विभाग आहे. सकाळी लवकर जा, रांग मोठी असते. जाताना तीन गोष्टी न्या: गोळ्यांची पिशवी, वही, आणि पँटोप्रॅझोल शेवटची कधी घेतली ती तारीख.